केस पेपरातलं संशोधन

डिसेंबर २००६मध्ये ‘लॅन्सेट’ या जगभरचे डॉक्टर वाचतात त्या साप्ताहिकात बारामतीचं नाव छापून आलं. फलटणहून तासाभरावरच्या या गावातल्या गिरीराज हॉस्पिटलमध्ये के. एस. पवार, आर. आर. भोईटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला तो अभ्यास होता. विषय होता ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेचा. ऊस, द्राक्ष आणि डाळिंबाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही आयसीयूला हे रुग्ण नवे नाहीत. तोंडाला फेस, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर आणि हळूहळू थकत जाणारा श्वास. उपचाराला ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम, ज्याला आयसीयूत सगळे ‘पाम’ म्हणतात.

पाम द्यायचं कसं, हा बारामतीकरांचा प्रश्न होता. २०० रुग्ण घेतले. सगळ्यांना सुरुवातीला २ ग्रॅमचा डोस दिला. पुढचे ४८ तास निम्म्यांना दर चार तासांनी १ ग्रॅम आणि उरलेल्यांना दर तासाला १ ग्रॅम या वेगाने सलग थेंब-थेंब. कोण कोणत्या गटात जाणार ते चिठ्ठीसारख्या यादृच्छिक पद्धतीने ठरलं. दर चार तासांनी औषध मिळालेल्या गटात ८ टक्के मृत्यू झाले, सलग मिळालेल्या गटात १ टक्का. ॲट्रोपिनही कमी लागलं, श्वासनलिकेत नळी घालायची वेळही कमी जणांवर आली.

तीन वर्षांनी, २००९मध्ये, श्रीलंकेतून मायकेल एडल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २३५ रुग्ण, औषध तेच, तेही सलग, फक्त वेग निम्मा. तिथे पाम मिळालेल्यांपैकी सुमारे २५ टक्के दगावले, आणि ज्यांना नुसतं सलाईन दिलं त्यांच्यातले सुमारे १६ टक्के. म्हणजे फायदा नाहीच, झालं तर नुकसान.

दोन्ही अभ्यास प्रामाणिक, दोन्ही पद्धतशीर. मग फरक कुठून आला? उत्तर शोधायला लागलं की डॉक्टर त्याच चार-पाच गोष्टींपाशी येऊन थांबतात. कोणतं कीटकनाशक होतं, कारण काहींवर पाम चालतं आणि काहींवर जवळजवळ नाहीच. किती पोटात गेलं. दवाखान्यात पोचायला किती तास लागले, कारण ठरावीक वेळ उलटली की विषाने धरलेलं एन्झाइम कायमचं निकामी होतं. बेडपाशी व्हेंटिलेटर होता का. आणि दाखल होताना रुग्ण किती वाईट अवस्थेत होता. यातली प्रत्येक गोष्ट प्रत्येक रुग्णाच्या केस पेपरावर असायला हवी. बहुतेक वेळा ती असतेही, पण कुठे कोपऱ्यात, कुणाच्या अक्षरात, कुठल्या वेळेला लिहिलेली, याचा पत्ता नसतो.

आयसीयूतल्या संगणकीय नोंदींवरून संशोधन करायचं म्हणजे काय, हे समजून घ्यायला बारामती-श्रीलंकेचा हा पेच मला सर्वांत चांगलं उदाहरण वाटतो. औषध नवं नाही, यंत्र नवं नाही. हजारो रुग्णांवर आधीच उपचार झालेले आहेत. त्या उपचारांची नोंद नीट लागली असती, तर यातले अर्धे प्रश्न सुटले असते.

कराडच्या किंवा मिरजेच्या आयसीयूत एका बेडपाशी दिवसभरात किती माहिती तयार होते ते पाहू. मॉनिटरवर नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, श्वासाची गती सतत. सिस्टर तासा-तासाला ते चार्टवर उतरवते. इनटेक-आउटपुटच्या कागदावर किती सलाईन गेलं, किती लघवी झाली. व्हेंटिलेटरची सेटिंग. इन्फ्यूजन पंपातून नॉरॲड्रेनालिन किती मिलिलिटरने चालू आहे आणि ते कधी वाढवलं. एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीच्या, स्लिपा, त्यांची शाई महिन्याभरात उडते. लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे, राउंडला कन्सल्टंटने लिहिलेल्या दोन ओळी, औषधांचं बिल. रुग्ण घरी गेला की हे सगळं एका गठ्ठ्यात बांधून मेडिकल रेकॉर्ड विभागात जातं. भारतातल्या वैद्यकीय नियमांप्रमाणे हे कागद किमान तीन वर्षं ठेवावे लागतात. विषबाधा, सर्पदंश, अपघात या पोलिसांना कळवायच्या एमएलसी केसेस असल्यामुळे त्यांचे कागद त्याहून जास्त काळ जपतात, पण ते कोर्टासाठी. त्यातून कुणी काही शिकावं म्हणून ते क्वचितच उघडले जातात.

रुग्णालय संगणकावर आलं की हीच माहिती रकान्यांत बसते, आणि एका वेळी दहा हजार रुग्णांना एकच प्रश्न विचारता येतो. इथे एक गोष्ट सांगलीकरांना वेगळी समजवायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ३८ फूट आहे, एवढ्यावर सांगलीत कुणी सामान हलवत नाही. ती काल किती होती, तासाला किती इंचाने चढतेय, कोयनेतून विसर्ग किती सोडलाय, हे विचारलं जातं. इशाऱ्याची पातळी ४० आणि धोक्याची ४५ फूट, हे आकडेसुद्धा वर्षानुवर्षांच्या नोंदींवर ठरलेले. २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तो आकडा भीषण वाटला तो मागच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून. आयसीयूत रक्तदाब ९० आहे या एकट्या आकड्याचंही असंच आहे. तो तीन तासांपूर्वी किती होता, त्यासाठी किती औषध चालू आहे आणि अशा अवस्थेतल्या मागच्या हजार रुग्णांचं पुढे काय झालं, हे कळलं तर त्या आकड्याला अर्थ येतो.

हे काम मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं ते बोस्टनमध्ये. एमआयटीतल्या संशोधकांनी तिथल्या बेथ इस्राएल डिकनेस या रुग्णालयाच्या आयसीयूतला माहितीसाठा जगाला खुला केला. त्याचं नाव मिमिक. २०१६मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत २००१ ते २०१२ या काळातले चाळीस हजारांहून अधिक रुग्ण आहेत. एक ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करून, माहितीचा गैरवापर करणार नाही असा करार करून ती कुणालाही फुकट मिळते. कराडमधला एखादा पीजीचा विद्यार्थीही ती आज मिळवू शकतो. नंतर अमेरिकेतल्या २०८ रुग्णालयांचा ई-आयसीयू हा साठा आला, त्यात दोन लाखांवर दाखले आहेत. नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमने आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्नने आपापले साठे खुले केले.

मिमिकमधल्या दोन बारीकसारीक गोष्टी मला फार शिकवणाऱ्या वाटतात. पहिली, रुग्णाची ओळख कशी झाकली. नाव-पत्ता काढणं सोपं, पण तारखांवरूनही माणूस ओळखता येतो. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तारखा एकाच अंतराने भविष्यात सरकवल्या. त्यामुळे मिमिकमधला रुग्ण २१३० किंवा २१७० साली दाखल झालेला दिसतो, पण त्याच्या दाखल होण्यात आणि पहिल्या अँटिबायोटिकमध्ये चार तास गेले असतील तर ते चारच राहतात. नव्वदीतली माणसं थोडी, त्यांना ओळखणं सोपं, म्हणून ८९च्या पुढच्यांचं वय ३०० दाखवलं. दुसरी गोष्ट, बऱ्याच नोंदींना दोन वेळा जोडलेल्या आहेत: मोजमाप कधीचं आणि ते संगणकात शिरलं कधी. आयसीयूत काम केलेल्या कुणालाही या दुसऱ्या रकान्याचं मोल कळेल. रात्री तीनला पेशंट कोलमडतो, दोन तास सगळे त्याच्यावर धावतात, आणि चार्ट सकाळी साडेसातला, ड्यूटी बदलताना भरला जातो. यात सिस्टरचा दोष नाही. तिने आधी पेशंट पाहिला हेच बरोबर. पण संशोधकाला त्या तीन वाजताच्या आकड्यावर किती विसंबायचं हे कळायला हवं.

अशा साठ्यांतून हाती काय लागलं याचं एक उदाहरण तर आपल्या बोटावरचंच आहे. २०२०-२१मध्ये सातारा-सांगलीतल्या घराघरांत ऑक्सिमीटर आला. आशाताई तो घेऊन वाड्या-वस्त्यांवर फिरल्या. २०२१च्या जून-जुलैत मुंबई-पुण्यात लाट ओसरत होती, तरी कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात रुग्ण कमी व्हायला तयार नव्हते, आणि ९४ की ९२ यावर माणसाला बेड शोधायचा की घरी ठेवायचं हे ठरत होतं. ते यंत्र बोटातून प्रकाश पाठवून ऑक्सिजनचा अंदाज करतं, आणि त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं.

मिशिगन विद्यापीठातल्या मायकेल शोडिंग आणि सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. आयसीयूत बोटावर ऑक्सिमीटर असतोच आणि मधूनमधून धमनीतलं रक्त काढून एबीजीही होते. दहा मिनिटांच्या आत झालेल्या अशा दोन मोजमापांच्या जोड्या त्यांनी जुन्या नोंदींतून वेगळ्या काढल्या आणि ई-आयसीयूच्या १७८ रुग्णालयांतल्या नोंदींवरही तेच तपासलं. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८च्या खाली, असं मिशिगनच्या गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के जोड्यांत आढळलं आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के जोड्यांत. डिसेंबर २०२०मध्ये हे छापून आलं आणि दोन महिन्यांत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्सिमीटरबद्दल जाहीर सूचना काढली. यासाठी एकाही रुग्णाला जादा सुई टोचली नव्हती. सगळी मोजमापं वर्षानुवर्षं पडून होती.

सातारा-सांगलीतल्या माणसाच्या त्वचेसाठी हा फरक किती, ते मिशिगनच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. ते इथल्याच एबीजीच्या स्लिपा आणि त्या क्षणी बोटावर असलेला आकडा शेजारी-शेजारी ठेवून कळेल. अट एकच, दोन्हींवर वेळ लिहिलेली हवी.

हे सगळं वाचून माहिती जमवली की ज्ञान आलं असं कुणाला वाटू नये. आयसीयूतल्या नोंदी फार सहज दिशाभूल करतात. २०१८मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बोस्टनच्याच दोन रुग्णालयांतल्या २७२ प्रकारच्या लॅब तपासण्यांचा अभ्यास आला. त्यातल्या २३३ तपासण्यांबाबत असं दिसलं की रिपोर्ट काय आला हे बाजूला ठेवलं, तरी ती तपासणी सांगितली गेली का, याचाच रुग्णाच्या जगण्या-मरण्याशी संबंध होता. ती कोणत्या वेळी सांगितली गेली हे तर अनेकदा रिपोर्टपेक्षाही जास्त बोलकं होतं. कारण उघड आहे. पहाटे तीनला कुणी उगाच रक्त तपासायला पाठवत नाही, डॉक्टरला काहीतरी खटकलेलं असतं. ती शंका नोंदीत लिहिलेली नसते. संगणक मग तपासणीलाच धोक्याचं लक्षण समजतो. तसंच, महागडं औषध ज्यांना दिलं ते जास्त मेले असं आकडे सांगतात, तेव्हा ते औषध वाईट होतं की ते सर्वांत गंभीर रुग्णांनाच दिलं होतं, हा प्रश्न नुसत्या नोंदींना पूर्ण सुटत नाही. बारामतीत आणि श्रीलंकेत चिठ्ठी टाकून गट पाडले ते याचसाठी. कोविडमध्ये डेक्सामेथासोनचा निकाल लागला तोही असाच, ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. गट यादृच्छिक होते, पण रुग्णांचं पुढे काय झालं याचा माग संशोधकांनी मोठ्या प्रमाणात सरकारी आरोग्य नोंदींतूनच काढला. माझ्या मते या दोन पद्धतींचं नातं असंच असायला हवं. नोंदी प्रश्न दाखवतात, चाचणी उत्तर देते, आणि पाठपुरावा पुन्हा नोंदी करतात.

कोविडच्या त्याच महिन्यांत नोंदींवरच्या संशोधनाची काळी बाजूही दिसली. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्येच एक लेख आला: सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ कोविड रुग्ण, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनने मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. पण ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंचा त्यातला आकडा त्या देशाच्या सरकारी आकड्याहून मोठा निघाला. मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर माहिती पुरवणारी कंपनी दाखवेना. ४ जूनला लेख मागे घेतला गेला. ज्या साप्ताहिकाने बारामतीच्या २०० रुग्णांना जागा दिली, त्याच साप्ताहिकात हे ९६ हजार छापून आले होते. बारामतीतल्या प्रत्येक रुग्णामागे एक बेड होता, एक कागद होता, त्याला पाहिलेला डॉक्टर होता.

आपल्या भागाचा प्रश्न मात्र याहून वेगळा आहे. आपले रुग्ण जगाच्या साठ्यांत नाहीतच. आयसीयूत रुग्ण किती गंभीर आहे हे मोजायला जगभर अपाची-दोन नावाचं गुणांकन वापरतात, आपल्याकडेही. ते १९८५मध्ये अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांतल्या ५,८१५ दाखल्यांवरून बांधलं गेलं. मृत्यूची शक्यता काढताना त्यात रुग्ण कोणत्या आजाराने दाखल झाला याचाही एक आकडा मिळवावा लागतो. त्या यादीत औषधांच्या अतिडोसाचा गट आहे. अमेरिकेतला असा रुग्ण म्हणजे मुख्यतः झोपेच्या किंवा तत्सम गोळ्या घेतलेला. एक-दोन दिवस व्हेंटिलेटरवर राहतो, औषध उतरतं, उठून घरी जातो. म्हणून त्या गटाचा आकडा मृत्यूची शक्यता बरीच खाली ओढणारा आहे. आता तासगावच्या द्राक्षबागेत फवारायचं औषध पोटात गेलेला तिशीतला माणूस मिरजेत आला, तर त्याला कोणत्या गटात घालायचं? सर्वांत जवळचा गट तोच. तरुण वय, आधीचे आजार नाहीत, आणि वर हा उणे आकडा. कागदावर तो जवळजवळ सुखरूप ठरतो, प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक सैल पडू शकतात. त्यावरून जर कुणी आयसीयूच्या कामगिरीचं मोजमाप केलं, तर विषबाधेचे रुग्ण जास्त घेणारं रुग्णालय विनाकारण वाईट दिसेल.

म्हणून भारतातले प्रयत्न मोलाचे आहेत. १९९३मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनने २०१० आणि २०११मध्ये चार दिवस ठरवून, त्या-त्या दिवशी देशभरातल्या १२४ आयसीयूंत कोण दाखल आहे याची मोजणी केली. ४,२०९ रुग्णांची ही पाहणी इंडिकॅप्स या नावाने ओळखली जाते. टाटा मेमोरियलचे डॉ. जिगीशू दिवाटिया तिचे प्रमुख लेखक. सोसायटीनेच चित्रा नावाची नोंदप्रणाली काढली. २०१९पासून आयरिस ही आयसीयूंची भारतीय नोंदवही चालू आहे, श्रीलंकेतल्या अशाच कामाशी जोडलेली. दक्षिण आशियातल्या आयसीयूंच्या नोंदींवरूनच ट्रॉपिक्स हे सोपं गुणांकन तयार झालं. त्यात श्वासाची गती, शुद्धीचा जीसीएस, रक्तदाबाची औषधं, व्हेंटिलेटर आणि युरिया-हिमोग्लोबिनसारख्या तालुक्याच्या लॅबमध्येही होणाऱ्या तपासण्या आहेत. ही निवडच मला शहाणपणाची वाटते. जी तपासणी आटपाडीत होत नाही, तिच्यावर उभं राहिलेलं गुणांकन आटपाडीच्या कामाचं नाही.

तरी आपल्या नोंदींत दोन मोठी भोकं राहतात, आणि सॉफ्टवेअर विकत घेऊन ती बुजत नाहीत.

पहिलं भोक रुग्णाच्या प्रवासाचं. जतजवळच्या वाडीतला माणूस आधी गावच्या डॉक्टरकडे, मग ग्रामीण रुग्णालयात, तिथून सांगली-मिरजेत, आणि तिथूनही कधी कोल्हापूर किंवा पुण्याला जातो. प्रत्येक ठिकाणी नवा केस पेपर, नवा नंबर. मिरज ही १८९४च्या वॉनलेस हॉस्पिटलपासूनची आरोग्यपंढरी, त्यामुळे अथणी-चिकोडीकडूनही रुग्ण येतात, आणि एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं. मिरजेच्या संगणकात त्याचा पहिला तास म्हणजे मिरजेतला पहिला तास. विषाचा किंवा दंशाचा तो सातवा तास असू शकतो. पहिल्या दवाखान्यात किती ॲट्रोपिन दिलं हे रेफर चिठ्ठीवर असतं, आणि ती चिठ्ठी ॲम्ब्युलन्समध्ये राहते. सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला चौदा अंकी आभा क्रमांक हे तुकडे जोडू शकतो. पण बेशुद्ध पेशंटला घेऊन आलेल्या चुलतभावाला तो क्रमांक पाठ नसतो, ही अडचण सोडवल्याशिवाय आयसीयूपुरता तरी त्याचा उपयोग अर्धाच.

दुसरं भोक ‘डामा’चं. डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. पैसे संपतात, किंवा डॉक्टर ‘आशा कमी आहे’ म्हणतात, किंवा शेवटचा श्वास घरी जावा असं घरच्यांना वाटतं. सही होते, नळी काढून माणसाला गाडीत घालतात. नोंदीत त्याच्यापुढे मृत्यू लिहिला जात नाही, बराही लिहिला जात नाही. असे रुग्ण आकडेवारीतून वगळले तर आयसीयू आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. सगळ्यांना मृत धरलं तर तेही खोटं, कारण काही जण फक्त स्वस्त दवाखान्यात गेलेले असतात. उपाय साधा आहे आणि तो माणसानेच करायचा आहे: तीस दिवसांनी एक फोन. ‘पेशंट कसे आहेत?’ एवढं विचारून उत्तर रकान्यात भरायचं. हा फोन करणाऱ्या माणसाचा पगार संशोधनाच्या खर्चात सर्वांत आधी धरला जावा, असं माझं ठाम मत आहे.

नोंद कुणासाठी झाली हेही पाहावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत प्रत्येक रुग्णाचं निदान, तपासण्या, फोटो अपलोड होतात, आणि ही माहिती पद्धतशीर असते. पण ती मंजुरी आणि बिलासाठी भरलेली असते. ज्या पॅकेजमध्ये केस बसते, त्या पॅकेजचं नाव निदानाच्या जागी येतं. तिच्यावरून खर्च किती झाला ते छान कळेल. न्यूमोनिया किती जणांना झाला हे विचाराल, तर फसाल.

आणि खासगीपणा. मार्च २०२०मध्ये इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबापासून कोविडची साखळी सुरू झाली. नाव न घेता, केवळ गाव आणि आठवडा सांगितला तरी जिल्ह्यातल्या माणसाला कुटुंब कळतं. बोस्टनसारख्या शहरात वय आणि आजारावरून माणूस सापडत नाही, शिराळ्यात सापडतो. विषप्राशनाच्या रुग्णाचं नाव बाहेर फुटलं तर पुढे घरातली लग्नं अडतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सूट आहे, पण त्या माहितीवरून त्या-त्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही या अटीवर. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ओळख पुसलेल्या जुन्या नोंदी वापरताना नैतिकता समिती प्रत्येकाच्या संमतीची अट शिथिल करू शकते. आपल्याकडे ओळख पुसताना गाव आणि सर्व्हे नंबरसुद्धा पुसावे लागतील, तालुका ठेवला तर पुरे. तारखा मिमिकसारख्या सरकवाव्यात, ऋतू शाबूत राहील इतपत, कारण फवारणी आणि साप दोन्ही ऋतूंवर चालतात.

एवढ्या अडचणी मोजल्यावर छोट्या गावातून काय होणार, असं वाटणाऱ्यांसाठी महाडचं उदाहरण आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे गेलं की महाड. तिथे डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाच्या रुग्णांपाशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये आली, १९८६मध्ये प्रॅझोसिनच्या उपयोगावरचा लेख आला, आणि २०११मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडच्याच रुग्णांवरची चाचणी. संगणक नंतर आला. वेळ लिहून ठेवायची शिस्त आधी होती.

सातारा-सांगलीत आज असा एक प्रश्न समोरच आहे: घोणस. बत्तीस शिराळ्यापासून पाटणच्या डोंगरापर्यंत पावसाळ्यात घोणसदंशाचे रुग्ण येतात. रक्त गोठत नाही, किडनी बंद पडते, डायलिसिस लागतं. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर मिळून एकच आहे, आणि तिच्यासाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे सिद्ध झालेलं आहे. इथल्या घोणशीला त्या लसीच्या किती व्हायल पुरतात, हे इथल्या रुग्णांवरूनच कळणार.

त्यासाठी लागणारी मुख्य तपासणी खर्चाचीही नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता उभं ठेवायचं, मग एकदाच तिरपं करायचं. रक्त वाहिलं तर गोठत नाही, म्हणजे विष चढलेलं आहे. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. ही चाचणी कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात होते, पण केस पेपरावर तिचा निकाल बहुधा एका शब्दात येतो आणि वेळ राहून जाते.

एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो, आणि मिरज, सांगली, कराड तिन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मी त्यांच्या जागी असतो तर बोस्टनच्या साठ्यावर आणखी एक भाकीत बांधण्याऐवजी हे रकाने आखले असते: दंशाची वेळ, पहिल्या दवाखान्यात पोचल्याची वेळ, पहिल्या व्हायलची वेळ, प्रत्येक परीक्षानळीची वेळ आणि निकाल, एकूण व्हायल, तासाची लघवी, क्रिएटिनिन, डायलिसिस, आणि तीस दिवसांनी केलेल्या फोनचं उत्तर. नैतिकता समितीची मंजुरी घेऊन शिराळा, इस्लामपूर, पाटण आणि कराडच्या रुग्णालयांनी दोन पावसाळे हे एकाच पद्धतीने भरले, तर पहिल्या तासात किती व्हायल द्यायच्या याच्या इथल्या उत्तराची दिशा हाती येईल. आणि शिराळ्यातल्या मेडिकल ऑफिसरने कितव्या परीक्षानळीतलं रक्त गोठलं नाही की डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयाला फोन लावायचा, हेही त्या रकान्यांवरून ठरवता येईल.